महाद्वार रोडसाठी मिररलेस: कोल्हापुरात रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा आणि रोजच्या वापराचा कॅमेरा निवडताना

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिली चौकशी करतो ती मेगापिक्सेलची आणि दुसरी करतो ती उजेड टिपणारा सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, आहे का याची. आपण उभे कुठे राहणार आणि समोरचा माणूस आपल्यापासून किती अंतरावर असणार, हा प्रश्न त्याला बहुधा पैसे मोजून घरी आल्यावर पडतो. रस्त्यावरच्या छायाचित्रणात मात्र खरा पहिला प्रश्न हाच आहे. बिनखांबी गणेश मंदिराकडून महाद्वार रोडला लागले की एका बाजूला पथारीवाले, दुसऱ्या बाजूला लावलेल्या दुचाक्या आणि मधून वाट काढणारी गर्दी, अशा स्थितीत समोरच्या व्यक्तीपासून दोन-तीन मीटरांपेक्षा जास्त अंतर मिळतच नाही. गुजरीत तर ते आणखी आखडते. म्हणून या परीक्षणाची सुरुवात मी कॅमेऱ्यापासून न करता लेन्सपासून करत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: या कामासाठी आधी एकाच फोकल लेन्थची (झूम न होणारी) लहानशी लेन्स ठरवावी, ती आणि बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) मिळून वजन अर्ध्या किलोच्या आसपास राहील असे पाहावे आणि ब्रँडचा विचार त्यानंतर करावा.

येथे ज्यांची चर्चा केली आहे त्यांपैकी काही कॅमेरे मी स्वतः वापरले आहेत, काही लग्नसमारंभांचे काम करणाऱ्या मित्रांकडून मागून आणले आणि काही दिवसाच्या भाड्याने घेतले. चाचणीची ठिकाणे आपल्या रोजच्या पाहण्यातलीच होती: महाद्वार रोड, पंचगंगेचा घाट, गंगावेशीतला दूध कट्टा, शाहूपुरीतली गूळबाजारपेठ, एक तालीम आणि रंकाळ्याची संध्याकाळ.

फोकल लेन्थबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. लेन्सवरचा हा मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितकी चौकट रुंद. फुल फ्रेमच्या मापाने २८, ३५ आणि ४० मिलिमीटर या तीन लेन्स रस्त्यासाठी उपयोगी ठरतात. फुल फ्रेमहून लहान असलेल्या एपीएस-सी सेन्सरच्या सोनी, निकॉन आणि फुजीफिल्म कॅमेऱ्यांवर लेन्सच्या आकड्याला १.५ ने आणि कॅननवर १.६ ने गुणावे लागते. म्हणजे फुजीची २३ मिलिमीटरची लेन्स साधारण ३५ सारखी, तर कॅननची २८ मिलिमीटरची लेन्स ४५ सारखी दिसते. हा गुणाकार न केल्यामुळे पुष्कळ लोक '५० मिलिमीटर स्वस्त मिळते' म्हणून ती एपीएस-सी बॉडीवर लावतात आणि गल्लीत मागे सरकत सरकत दुकानाच्या पायरीला अडखळतात, कारण तिथे ती ७५ ते ८० मिलिमीटरची झालेली असते. अशी लेन्स घरात मुलांच्या चेहऱ्यासाठी उत्तम आहे. महाद्वार रोडवर ती निरुपयोगी आहे.

कोल्हापूरच्या जुन्या पेठांसाठी मला ३५ मिलिमीटरचे माप सर्वांत योग्य वाटते. २८ मध्ये माणूस आणि त्याच्यामागची जागा दोन्ही येतात, परंतु त्यासाठी खूप जवळ जावे लागते आणि कडेला नको असलेल्या गोष्टी, विशेषतः डिजिटल फलक, चौकटीत घुसतात. आपल्या शहरात वाढदिवसाच्या फलकांशिवाय चौकट मिळवणे हीच मुळात एक कला आहे. ४० मध्ये चौकट आटोपशीर होते, पण गर्दीत मधेच कोणाचा तरी खांदा येतो. ३५ या दोहोंच्या मधे बसते आणि घरातल्या कार्यक्रमांनाही चालते.

बॉडीबरोबर मिळणारी किट झूम लेन्स वाईट असते असे नाही. तिची अडचण वेगळी आहे. बहुतेक किट लेन्सचे अ‍ॅपर्चर एफ/३.५ पासून सुरू होते आणि झूम केले की एफ/५.६ किंवा एफ/६.३ पर्यंत खाली जाते, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र लहान होते (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान), त्यामुळे दिवेलागणीनंतर शटर स्पीड (सेन्सरवर किती वेळ उजेड पडतो ते) राखण्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) भरमसाट वाढवावा लागतो. शिवाय मोटरवर उघडणारी झूम कॅमेरा सुरू केल्यावर आधी बाहेर येते आणि तेवढ्या वेळात समोरचा क्षण निघून गेलेला असतो. ज्याला एकच कॅमेरा सगळ्यासाठी हवा आहे त्याने किट जरूर घ्यावे, परंतु त्यावरून त्या कॅमेऱ्याची रस्त्यावरची योग्यता ठरवू नये.

आता फोकसचा विषय. आधुनिक मिररलेस कॅमेरे चेहरा आणि डोळा ओळखतात, आणि एकट्या माणसाचा पाठलाग करायचा असेल तर हे तंत्र खरोखर उपयोगी पडते. गर्दीत मात्र कॅमेऱ्याला एकाच वेळी दहा चेहरे दिसतात आणि त्यांतला कोणता आपल्याला हवा आहे हे त्याला कळण्याचा काही मार्ग नसतो. अशा ठिकाणी अंतर आधीच ठरवून ठेवण्याची जुनी पद्धत आजही अधिक भरवशाची आहे. एपीएस-सी सेन्सरवर १८ मिलिमीटरची लेन्स एफ/८ ला ठेवून फोकस साधारण २.१ मीटरवर बांधला, तर सुमारे एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. २३ मिलिमीटरच्या लेन्सला तोच परिणाम मिळवण्यासाठी फोकस साडेतीन मीटरवर ठेवावा लागतो आणि स्पष्टता पावणेदोन मीटरच्या आसपास सुरू होते. भर दुपारच्या उन्हात एफ/८ आणि आयएसओ ४०० ठेवले तरी शटर स्पीड १/१६०० च्या घरात मिळतो, म्हणजे चालणारा माणूसच काय, वळणारी रिक्षाही गोठून येते. ताडपत्रीच्या सावलीत हाच हिशेब तीन-चार टप्प्यांनी (एक टप्पा म्हणजे उजेड निम्मा) खाली येतो आणि आयएसओ १६०० करावा लागतो. आजच्या कोणत्याही एपीएस-सी सेन्सरला ते जड जात नाही. जो कॅमेरा अंतर असे बांधून ठेवणे सोपे करतो, तो रस्त्यावर अर्धी लढाई जिंकतो, आणि या कसोटीवर महागडे कॅमेरेही मागे पडतात.

आरशाचा जुन्या धाटणीचा डीएसएलआर अजून चांगल्या अवस्थेत असताना मिररलेस का घ्यावा, असे विचारणाऱ्यांना मी ताराबाई रोडचे उदाहरण देतो. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळे किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या संधीवर, मावळतीचे ऊन याच बाजूने महाद्वारातून आत जाते. त्या वेळी रस्त्यावर सूर्याला तोंड करून उभे राहिले तर येणारी-जाणारी माणसे काळ्या आकृत्यांसारखी दिसतात आणि त्यांच्या कडांना सोनेरी रेघ असते. डीएसएलआरच्या आरशातून आपल्याला केवळ लखलखाट दिसतो, फोटो कसा येणार हे कळत नाही. मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) मात्र एक्स्पोजर (फोटोतला उजेड) कमी करत गेले की आकृती कुठे काळी होते आणि कडेची रेघ कुठे टिकते, हे बटण दाबण्यापूर्वीच दिसते. आरसा काढून टाकल्यामुळे लेन्स सेन्सरच्या जवळ आली, निकॉनमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटरवरून १६ मिलिमीटरवर उतरले, आणि त्यामुळे बॉडीची जाडी घटली, हा दुसरा लाभ. माझ्या लेखी पहिला अधिक मोलाचा आहे.

शांततेचा लाभ मात्र जेवढा सांगितला जातो तेवढा सरळ नाही. इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण निःशब्द असते हे खरे, पण ते सेन्सरवरील ओळी एकामागून एक वाचते. परिणामी तालमीत कोणी पैलवान झपाट्याने वळला तर त्याचा हात किंचित वाकडा उमटतो, आणि रात्री महाद्वार रोडवरच्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे दिसतात. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे असे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. शटर स्पीड १/५० किंवा १/१०० ठेवला तर पट्टे टळतात, परंतु मग चालणारी माणसे हलतात. रात्री बाजारपेठेत यांत्रिक शटरच वापरावे, त्याचा आवाज तिथे कोणाला ऐकू जात नाही. दोन कॅमेऱ्यांना या अडचणीतून बरीचशी सुटका आहे, कारण त्यांच्या लेन्समध्येच पाकळ्यांचे शटर असते आणि त्याचा आवाज मनगटी घड्याळाच्या टिकटिकीहून मोठा नसतो: रिकोहची जीआर मालिका आणि फुजीफिल्मची एक्स१०० मालिका. काटेकोरपणे बोलायचे तर या दोघांची लेन्स बदलता येत नाही, पण रस्त्यासाठी कॅमेरा शोधणाऱ्याने त्यांना वगळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

रिकोह जीआर थ्री २०१९ मध्ये आला. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर, २८ मिलिमीटरच्या मापाची एफ/२.८ लेन्स आणि बॅटरी व कार्डासह वजन अवघे २५७ ग्रॅम. २०२१ च्या जीआर थ्री-एक्समध्ये लेन्स ४० मिलिमीटरच्या मापाची आहे, बाकी बरेचसे तेच. सदऱ्याच्या खिशात मावणारा आणि एका हाताने पूर्णपणे चालवता येणारा असा दुसरा कॅमेरा माझ्या पाहण्यात नाही. त्याची 'स्नॅप फोकस' सोय वर सांगितलेल्या अंतराच्या पद्धतीवरच बेतलेली आहे: एक, दीड, दोन, अडीच किंवा पाच मीटर असे अंतर ठरवून ठेवायचे आणि बटण एका दमात दाबले की कॅमेरा फोकस शोधत न बसता थेट त्या अंतरावर फोटो घेतो. दूध कट्ट्यावर याचा फार उपयोग झाला. तिथे म्हशी बांधलेल्या असतात, धार काढणारे बसलेले असतात, समोर ग्लास घेऊन माणसे उभी असतात, आणि हे सगळे तीन-चार मीटरांच्या आत घडत असते. जीआर थ्री-एक्स अडीच मीटर आणि एफ/८ वर ठेवला की साधारण १.६ ते साडेपाच मीटरपर्यंतचे सगळे स्पष्ट मिळते; दुधाच्या फेसाचा ग्लास ओठाला लावणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे मला डोळा लावून पाहावेही लागले नाही.

या कॅमेऱ्याच्या उणिवाही तितक्याच ठसठशीत आहेत. त्याला व्ह्यूफाइंडर नाही आणि मागचा पडदा हलत नाही, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात पडद्यावर स्वतःचाच चेहरा जास्त दिसतो. बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे २०० फोटोंचीच आहे. धूळ आणि पाण्यापासून संरक्षण नाही, ही कोल्हापूरच्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाची उधळण होत असताना हा कॅमेरा बाहेर काढण्याचे धाडस मी करणार नाही. लेन्स निघत नसल्यामुळे आत गेलेला कण घरी फुंकणीने काढता येत नाही. २०२५ मध्ये आलेल्या जीआर फोरमध्ये पाच अक्षांचे स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) आणि ५३ जीबी अंतर्गत साठवण आहे, पण व्ह्यूफाइंडर त्यातही नाही.

फुजीफिल्म एक्स१००-सहा, जो फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाला, तो बराच चर्चेत राहिलेला कॅमेरा आहे. ४० मेगापिक्सेल, ३५ मिलिमीटरच्या मापाची एफ/२ लेन्स, बॉडीतच स्टॅबिलायझेशन, काचेचा आणि इलेक्ट्रॉनिक असा दुहेरी व्ह्यूफाइंडर आणि वजन ५२१ ग्रॅम. काचेच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीच्या बाहेरची जागाही दिसते, म्हणजे कोण चौकटीत शिरणार आहे हे आधी कळते. रस्त्यावरच्या छायाचित्रणासाठी याहून सोयीची गोष्ट मला माहीत नाही. लेन्सचे माप माझ्या आवडीचे आहे, अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या कड्याने बदलते आणि कॅमेरा बंद असतानाही सगळी मांडणी वरून वाचता येते. मग मी तो का सुचवत नाही? कारण भारतात तो एक लाख साठ हजारांच्या घरात आला, आणि एवढ्या रकमेत एकच लेन्स, तीही न बदलणारी, घेणे हे ज्याच्याकडे आधीच दुसरा कॅमेरा आहे त्यालाच परवडते. रोजच्या वापरात शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून मुलाचा फोटो काढायचा असेल, तर ३५ मिलिमीटर काय करणार? पावसापासून संरक्षणही वेगळे ॲडाप्टर कडे आणि फिल्टर लावल्यावरच पूर्ण होते, हे जाहिरात वाचताना सहज निसटते.

याच घराण्यातला माझ्या पसंतीचा कॅमेरा म्हणजे एक्स-टी३०-दोन, आणि त्यावर एकतर २७ मिलिमीटर एफ/२.८ किंवा २३ मिलिमीटर एफ/२ लेन्स. बॉडीचे वजन बॅटरी-कार्डासह ३७८ ग्रॅम, २७ मिलिमीटरची लेन्स ८४ ग्रॅम, म्हणजे एकूण ४६२. सेन्सर २६ मेगापिक्सेलचा. पडदा वर-खाली झुकतो, बाजूला उघडत नाही, आणि हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. गूळबाजारात गुळाच्या रव्यांच्या (ढेपांच्या) थप्प्यांमधून हमाल वाट काढत असताना कॅमेरा पोटाशी धरून वरून पडद्यात पाहिले की कोणाचे लक्ष जात नाही, बाजूला दार उघडल्यासारखा पडदा बाहेर आला की सौदा चाललेला असतानाही सगळे वळून पाहतात, आणि "काय भावा, यूट्यूबवर टाकणार काय?" हा प्रश्न ठरलेला असतो.

फुजीच्या रंगांबद्दल बरेच लिहिले जाते आणि त्यातले बरेचसे खरे आहे. या कॅमेऱ्यात फिल्मच्या धर्तीवरची १८ रंगरूपे आहेत. त्यांपैकी 'क्लासिक क्रोम' दुपारच्या भगभगीत उन्हाला थोडे शांत करते आणि 'अ‍ॅक्रॉस' हे कृष्णधवल रूप तालमीतल्या तांबड्या मातीचा पोत आणि अंगावरचा घाम दोन्ही राखते. ज्याला संगणकावर बसून फोटो सुधारण्याचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी कॅमेऱ्यातूनच तयार बाहेर पडणारी फाइल हा मोठा आधार आहे. ज्याला रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलवर काम करण्याची सवय आहे, त्याने या गोष्टीसाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

तक्रारी तीन आहेत. २७ मिलिमीटरच्या लेन्सची फोकस मोटर जुन्या धाटणीची, आवाज करणारी आहे. वेग हवा असेल तर २३ मिलिमीटर घ्यावी, ती १८० ग्रॅम भरते. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. आणि लेन्स पाण्यापासून संरक्षित असली तरी बॉडी तशी नाही, त्यामुळे लेन्सवर लिहिलेल्या 'डब्ल्यूआर' या अक्षरांवर विसंबून आषाढात रंकाळ्यावर जाऊ नये.

स्टॅबिलायझेशनच्या अभावाला मी मोठा दोष मानत नाही, कारण ते केवळ आपल्या हाताचा कंप थांबवते, समोरच्या माणसाची हालचाल नाही. चालणारी माणसे स्थिर हवी असतील तर १/१२५ ते १/२५० लागतोच, आणि तेवढ्या वेगाला हाताचा कंप उमटत नाही. रात्री दुकानांच्या उजेडात एफ/२ आणि आयएसओ १६०० ते ३२०० या मर्यादेत हा वेग मिळून जातो. तालमीतल्या रिकाम्या हौद्यासारख्या स्थिर विषयासाठी मात्र ती सोय असती तर बरे झाले असते, हे मान्य करायला हवे.

सोनी ए६४०० हा २०१९ चा. फोकसच्या बाबतीत या किमतीत तो आजही कोणापुढे मान खाली घालत नाही. खासबागेत कुस्ती रंगात आलेली असताना पैलवानाच्या चेहऱ्यावरचा फोकस तो सहसा सोडत नाही. वजन ४०३ ग्रॅम, आणि २० मिलिमीटर एफ/२.८ ही ६९ ग्रॅमची चपटी लेन्स लावली की ३० मिलिमीटरच्या मापाचा अतिशय पातळ संच तयार होतो. व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात असल्यामुळे उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याचे नाक पडद्याला लागत नाही आणि दुसरा डोळा रस्त्याकडे उघडा राहतो. सोनीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे इतर कंपन्यांच्या स्वस्त आणि चांगल्या लेन्सची मुबलकता. मला तो वापरताना आनंद मात्र होत नाही. पुढच्या बाजूला मांडणी बदलण्याचे चक्र नाही, मेन्यू जुना आणि पसरट आहे आणि चार्जिंगचा सॉकेट मायक्रो यूएसबीचा आहे, म्हणजे फोनच्या वायरीवर भागत नाही. २०२३ च्या ए६७०० मध्ये या तिन्ही गोष्टी सुधारल्या आणि स्टॅबिलायझेशनही आले, पण वजन ४९३ ग्रॅमवर गेले आणि किंमतही त्या मानाने चढली. व्हिडिओचे काम जास्त असेल तर तोच घ्यावा.

निकॉन झेड एफसी दिसायला १९८२ च्या एफएम२ सारखा आहे आणि त्याच्या रूपावर भाळूनच तो बहुतेक विकला जातो. वर शटर स्पीडची, आयएसओची चक्रे, आणि हातात घेतल्यावर वाटणारे समाधान. बॉडी ४४५ ग्रॅम. ज्या २८ मिलिमीटर लेन्सबरोबर तो पुष्कळदा विकला जातो ती त्यावर ४२ मिलिमीटरची होते. त्यापेक्षा २०२३ मध्ये आलेली २४ मिलिमीटर एफ/१.७ घ्यावी, ती १३५ ग्रॅमची असून ३६ चे माप देते आणि अंधारात दीड टप्प्याचा फायदा करून देते. संपूर्ण संच ५८० ग्रॅमचा होतो, म्हणजे मी आखलेल्या मर्यादेच्या थोडा बाहेर. पडदा बाजूला उघडणारा आहे. ज्यांच्याकडे निकॉनच्या जुन्या लेन्स आहेत ते ॲडाप्टरच्या मोहाने इकडे वळतात, पण ॲडाप्टर लावल्यावर लहान कॅमेऱ्याचा मूळ हेतूच नाहीसा होतो.

कॅनन आर५० बद्दल थोडक्यात: ३७५ ग्रॅम, सोपा मेन्यू, चेहरा ओळखणारा उत्तम फोकस, किट लेन्ससह पाऊण लाखाच्या आसपास. घरातल्या कोणाच्याही हातात द्यावा आणि फोटो नीट यावा, असा हा कॅमेरा आहे. चक्र एकच असल्यामुळे रस्त्यावर हाताने नियंत्रण करणाऱ्याला तो अपुरा वाटतो, आणि ३५ मिलिमीटरच्या मापाची चपटी लेन्स कॅननकडे या बॉडीसाठी नाही. १६ मिलिमीटरची २६ होते आणि २८ ची ४५.

फुल फ्रेमच्या वाटेला या कामासाठी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निकॉन झेडएफ हा सुंदर कॅमेरा आहे, पण ७१० ग्रॅमच्या बॉडीवर १७० ग्रॅमची ४० मिलिमीटर लेन्स लावली की ८८० ग्रॅम होतात, आणि एवढे वजन गळ्यात घेऊन कोणी रोज भाजी आणायला कपिलतीर्थाला जात नाही. सोनी ए७सी-दोन तुलनेने हलका आहे, ५१४ ग्रॅमची बॉडी, तरी लेन्स आणि किंमत मिळून गणित तिथेच येते. अंधारातला एका टप्प्याचा फायदा खरा आहे. परंतु तो घरी कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याला मिळत नाही.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावाच लागतो, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा लेन्सच्या बुरशीला अत्यंत मानवते. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर सतत राहिली आणि लेन्स बंद, अंधाऱ्या जागेत पडून राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. चामड्याच्या पिशवीत किंवा लाकडी कपाटात कॅमेरा महिनोन्महिने ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण आहे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा एवढ्यावर काम भागते. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहील असे पाहावे. दुचाकीच्या डिकीत कॅमेरा ठेवण्याची सवय मात्र कोणत्याही ऋतूत वाईटच. गुऱ्हाळात काहिलीजवळ गेले की थंड लेन्सवर वाफ धरते. तिथे पुसत बसण्यापेक्षा कॅमेरा काही वेळ बाजूला ठेवून काच आपोआप निवळू द्यावी.

खरेदीबद्दल. ज्या गावात बाबूराव पेंटर यांनी १९१८ मध्ये स्वदेशी कॅमेरा घडवला आणि खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे, त्या गावात रस्त्यासाठीचा कॅमेरा हातात घेऊन पाहणे आजही सोपे नाही. शहरातली दुकाने प्रामुख्याने लग्नाच्या छायाचित्रकारांवर चालतात, त्यामुळे कॅनन, सोनी आणि निकॉनच्या मोठ्या बॉडी मांडलेल्या असतात, तर फुजीच्या लहान बॉडी मागवून घ्याव्या लागतात आणि रिकोह मला कुठल्याच कपाटात दिसला नाही. एका दुकानात मी चपटी लेन्स मागितली तेव्हा विक्रेत्याने अत्यंत आपुलकीने ७०-२०० ही भलीमोठी झूम समोर ठेवली. तरीही मी स्थानिक दुकानाचीच शिफारस करेन, कारण १८ टक्के जीएसटीचे पक्के बिल आणि कंपनीची भारतातली वॉरंटी यांवर पुढचे सगळे अवलंबून असते. परदेशातून परस्पर आणलेला माल दहा-पंधरा हजारांनी स्वस्त पडतो, परंतु बिघाड झाल्यावर सेवा केंद्र त्याला वॉरंटीत घेत नाही. पुण्याला जाणे होणार असेल तर निर्णयापूर्वी एकदा कॅमेरा हातात धरून पाहावा; पकड चांगली आहे की नाही हे कोणत्याही तपशीलपत्रकावरून कळत नाही.

रोजच्या वापरासाठी कॅमेरा घेणाऱ्याला मी एक्स-टी३०-दोन आणि २३ मिलिमीटर एफ/२ सुचवतो, आणि किट झूम पुढे गरज पडली तरच घ्यायला सांगतो. घरात लहान मूल असेल आणि व्हिडिओही हवा असेल तर ए६४०० अधिक समंजस निवड आहे. हाताशी आधीच एखादा डीएसएलआर असेल तर तो विकू नये. त्याच्या जोडीला जीआर थ्री-एक्स घ्यावा.

नवा परवडत नसेल तर जुना घ्यायलाही हरकत नाही, कारण या सगळ्या बॉडी लग्नाच्या कामात झिजलेल्या क्वचितच असतात. लेन्स उजेडाकडे धरून आरपार पाहावी, बुरशीचे तंतू दिसले तर व्यवहार तिथेच थांबवावा. मग अ‍ॅपर्चर एफ/१६ करून मोकळ्या आकाशाचा फोटो घ्यावा आणि तो पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काळे ठिपके शोधावेत. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात ते साफ करून घेता येतात. रिकोहमध्ये एक जरी ठिपका दिसला तरी त्याच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून मगच सौदा करावा. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा अनुक्रमांक वेगवेगळा लिहून घ्यावा, कारण वॉरंटी शिल्लक असेल तर दोन्हींची मागणी स्वतंत्रपणे होते.